दोन थरांचा चुंबक

कामशेतच्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात एक माणूस एकेक चिकटपट्टी बोटाला लावून सोलत होता आणि बोट उजेडात धरून बघत होता. मी भडकलो, "घ्यायचीय, का नुसती चाखायचीय?"

"प्रयोगशाळेत पट्टीने स्फटिकाचे थर सोलायचेत, भाऊ. गोंद मागे राहायला नको." तो शांतपणे म्हणाला, "एकटा थर चुंबक असतो. दोन एकमेकांवर आले की उलट तोंडं करतात आणि दोघांचा जोर संपतो."

"भांडण कशाचं?"

"इलेक्ट्रॉनांचं, आपसातलं. तेच शोधतोय."

भिंतीपलीकडे माझ्या भावाचं असंच दुकान. वाटणीत त्याने रस्त्याकडची बाजू लाटली, तेव्हापासून मी तिकडे गिऱ्हाईक पाठवलेलं नाही.

मनासारखी पट्टी न मिळाल्याने तो माणूस निघाला.

"शेजारी बघा, त्याच्याकडे भारीतली असते," मी म्हणालो. "मी पाठवलं म्हणून सांगू नका."