कमलाआजीला न वाचून दाखवलेली पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं, आणि ऐनवेळी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाची.

वरवर बघाल तर चांगली गोष्ट आहे. एका वर्षी मी खूप वाचलं. म्हणजे — खूप वाचलं असं सगळे म्हणाले. चेन्नईत नोकरीसाठी आलेली आम्ही काही मराठी माणसं दर वर्षाच्या शेवटच्या रविवारी अड्यारला एकाच्या गच्चीवर जमतो. तिथं प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, वर्षभरात काय वाचलं ते. नियम एकच, अर्धवट सोडलेलं पुस्तक धरायचं नाही. सगळे आधी 'छे हो, वेळच कुठे मिळतो' असं म्हणतात आणि मग हळूच आकडा सांगतात. मोठ्या आकड्याला टाळ्या पडतात.

मला त्या टाळ्या हव्या होत्या. हसू नका. पेरुंगुडीच्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि माझं आडनाव तिथं कुणाला धड म्हणता येत नाही. वर्षातून एकदा कुणीतरी 'वा, काय वाचतेस गं तू' म्हणावं, एवढंच हवं होतं. एवढंच — असं मला तेव्हा वाटायचं.

आता कमलाआजी. आमच्याच इमारतीत, वेलचेरीला, तळमजल्यावर राहते. तंजावरची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, पण घरात भाषा मराठीच. फार जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारी. मी इथं आले त्या आठवड्यात लिफ्टपाशी मला फोनवर आईशी बोलताना ऐकून तिनं माझा हातच धरला होता. पण शाळा तमिळमधली, त्यामुळे मराठी वाचता येत नाही. "भाषा माझी गे, अक्षरं तेवढीं माझी नव्हेत," असं म्हणायची. मग मी म्हटलं, मी वाचून दाखवीन. मनापासून म्हटलं होतं, हे खरं आहे. सगळंच काही खोटं नव्हतं.

दर रविवारी सकाळी मी खाली जायचे. आजी कॉफी करायची, पाय वर घेऊन झोपाळ्यावर बसायची, आणि मी वाचायचे. छोट्या गोष्टी झाल्या, एक-दोन आत्मचरित्रं झाली. अडचण एवढीच की आजी मध्येच थांबवायची. 'वाटाघाटी' म्हणजे काय गे? 'गैरसमज' हा कसला शब्द? मग आपला शब्द सांगायची, आणि तो माझ्या पणजीच्या तोंडी शोभावा असा निघायचा. पहिले काही महिने मला त्याचं कोण कौतुक! पुढे पुढे मी घड्याळाकडे बघू लागले. एका पानाला दोन पानांचा वेळ लागत होता, आणि माझा आकडा तिथंच अडकला होता.

पावसाळ्यानंतर आईनं साताऱ्याहून एक जाडजूड कादंबरी पाठवली. जुनी, फारशी कुणाच्या वाचनात नसलेली. दोन बहिणींची गोष्ट. थोरली रागाच्या भरात धाकटीला घराबाहेर काढते आणि मग वर्षानुवर्षं दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. हे प्रकरण वाचून झालं त्या दिवशी आजीनं मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. तिनं झोपाळा थांबवला. मग म्हणाली, तिलाही धाकटी बहीण आहे, तंजावरला. आईच्या आजारपणात ती एकदाही फिरकली नाही, आणि दिवसकार्याला आली तेव्हा आजीनं सगळ्यांसमोर तिला सांगितलं, माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. त्याला खूप वर्षं झाली. अलीकडे ती बहीण अंथरुणाला खिळलीय, असं कुणाकुणाकडून कळत होतं. "जावेसें वाटतें गे," आजी म्हणाली. "पण तिला मी नको असेन तर?"

तेव्हा मला माहीत होतं. हे नीट लक्षात घ्या. त्या पुस्तकातल्या थोरलीचं काय होतं, याकडे आजी का कान लावून बसली होती, ते मला पक्कं माहीत होतं.

डिसेंबर आला. कादंबरीचा चांगला जाड भाग उरला होता. आणि मी काय केलं होतं सांगू? गच्चीवरच्या त्या बैठकीला आजीला घेऊन येते, असं सगळ्यांना कळवून बसले होते. तंजावरची आजी, मी तिला मराठी पुस्तकं वाचून दाखवते — केवढा रुबाब! एरवी गटात नुसती थाप मारून भागलं असतं. पण आजी शेजारी बसून म्हणाली असती, 'ते पुस्तक अजून संपायचंय.' आकड्यातून एक कमी झालं असतं. एक. एवढ्यासाठी.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडे गेले आणि पुस्तक 'संपवलं'. उघडं पान समोर धरलं आणि मनानंच बोलत गेले. गोष्ट लवकर संपवायची तर माणूस मारून टाकावं, याहून सोपा उपाय कुठला? मी धाकटीला मारलं. थोरली तिच्या गावी पोचते, तर सगळं आटोपलेलं. पण तेवढ्यावर शेवट काही रंगेना. म्हणून वर आणखी एक घातलं, की धाकटीनं मरताना सांगून ठेवलं होतं, ताईला कळवू नका, मला ती नको. हे वाक्य सुचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. लेखिका झाल्यासारखं.

आजीनं पदरानं चष्मा पुसला आणि "सरी" म्हणाली. बरं, असं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. कुणीतरी आजीलाही बोलायला उभं केलं, तर तिनं त्या कादंबरीचा शेवट सांगितला — माझा शेवट, तिच्या त्या जुन्या गोड मराठीत. बायकांनी डोळे पुसले. ते पुस्तक तिथं कुणीच वाचलेलं नव्हतं. सगळे मला म्हणत होते, किती पुण्याचं काम करतेस. मी 'छे, कसलं पुण्य' असं म्हणत चकली खात होते.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसला जाताना मी शेअर ऑटोत पुस्तक उघडलं. आपण रचलेल्या शेवटापेक्षा खरा शेवट कितपत बरा आहे, हे बघायला. हो, असल्या गुर्मीत. खऱ्या पुस्तकात थोरली जाते. धाकटी जिवंत असते. दार उघडते. दोघी रडतबिडत नाहीत, मागच्या पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलतात आणि कढीत मीठ किती घालायचं यावरून भांडतात. मी ऑटोतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही माफ कराल. आळशीपणा, बढाई, असतं माणसात. पण माझा खरा गुन्हा इथून पुढचा आहे. कारण तेव्हा आजीची बहीण जिवंत होती.

मी काय करायला हवं होतं? खाली जाऊन सांगायचं — आजी, मी पानं गाळली, शेवट असा नाहीये, ऐक. पाच मिनिटांचं काम. मी दर रविवारी गेले आणि दर रविवारी नवीन पुस्तक उघडलं. मी पानं गाळते हे तिला कळलं तर? मग ती विचारेल, आधीच्या पुस्तकांतलीही गाळलीस का? गाळली होती. मग ती गटातल्या कुणाला बोलली तर?

पोंगलच्या सुट्टीत तिचा मुलगा शंकर म्हणाला, अम्मा, गाडीनं तंजावरला नेतो, चित्तीला भेटून ये. चित्ती म्हणजे मावशी. मी तिथंच होते, कॉफीचा टंबलर हातात घेऊन. आजी म्हणाली, "नको रे. तिला मी नको असेन. गेलें तर त्या बिचारीला आणखी त्रास." आणि मग माझ्याकडे वळून, "होय ना गे? पुस्तकांत ऐकलें ना आपण?"

शंकर माझ्याकडे बघत होता. आजी माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी "हं" म्हटलं.

उन्हाळा तापायच्या आत ती बहीण गेली. आजी तेव्हा मात्र गेली, शंकरबरोबर. परत आल्यावर तिनं मला सांगितलं, की बहिणीच्या सुनेनं विचारलं, पेरियम्मा — म्हणजे थोरली मावशी — तुम्ही आधी का नाही आलात? त्या रोज तुमची वाट बघायच्या, फाटक वाजलं की मान वळवायच्या. हे सांगताना आजीचा आवाज अगदी साधा होता. मला दोष दिला नाही. पुस्तकालाही नाही. तिला वाटलं, पुस्तकातली धाकटी तशी होती, आपली तशी नव्हती, आणि आपल्यालाच ते ओळखता आलं नाही. माझं पाप तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

मग तिनं ते पुस्तक मागितलं. शेवट पुन्हा वाच म्हणाली. ती थोरली घरी परत आल्यावर पुढे कशी जगली, ते तिला ऐकायचं होतं.

अजूनही वेळ होती, नाही का? बहीण परत आली नसती, पण तिच्या डोक्यावरचं ते ओझं तरी उतरलं असतं. मी वरून पुस्तक आणलं. खरं पान उघडलं. आणि पुन्हा रचलं — या वेळी जास्त चांगलं, जास्त सावकाश, कुठंही न अडखळता. थोरली परत येते, दिवा लावते, हळूहळू सावरते, वगैरे.

आजी माझ्या शेजारी सरकली. पानावर बोट ठेवून म्हणाली, "दिवा लावला, तें हें का गे?"

तिच्या बोटाखाली धाकटीचं वाक्य होतं. 'ताई, किती वाट बघायची तुझी.'

मी हो म्हटलं.