पायाळूचा पाय

आजवर मी इतकं बोललो आहे, की माझ्या थापा वजनावर विकायच्या म्हटल्या तर मुरबाडच्या बाजारात वखार घालावी लागली असती. पण ही एक गोष्ट — ही तोंडाबाहेर पडली नाही. बायकोला सांगितली नाही, तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट कळलेलं नाही. बसा.

आधी हलकं तेवढं उतरवतो. मी पायाळू नाही. सगळे येतात तसाच डोकं पुढे करून आलो. पायांकडून जन्मला तो पायाळू. त्याचा पाय लागला की उसण उतरते, आखडलेली मान सुटते, अशी आमच्याकडे समजूत. आणि आखडलेल्या मानांना आमच्याकडे तोटा कधीच नव्हता. गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या — जे असेल ते डोक्यावर.

मी मूळचा शहापूरकडचा. लग्न झालं आणि मुरबाडकडे सासऱ्याच्या घरी येऊन राहिलो. घरजावयाला गावात मान किती? गोठ्यातल्या बैलाच्या खालोखाल. एकदा खळ्यावर पाटलाची मान धरली, आणि कुणीतरी विचारलं, गावात पायाळू हाय का रे कोण? मी म्हणालो, मी हाय. झालं. माझा जन्म पाहिलेलं इथे कुणी नव्हतं. पाटलाच्या मानेवर मी टाच टेकवली, तो दचकून वळला, आणि मान सुटली.

पुढचं मीच वाढवलं. एका गवतवाल्याची मान इतकी फिरलेली, की तो मुरबाडला निघाला तर शहापूरला पोचायचा. माझा पाय लागून सरळ झाला, तर घरी बायको त्याला आत घेईना. डोळखांबच्या एका म्हाताऱ्याची मान अशी कडाडली, की आसनगावच्या स्टेशनमास्तराला वाटलं सिग्नल पडला, त्याने गाडी सोडून दिली. लोक हसायचे, आणि हसता हसता विश्वास ठेवायचे. लग्नात मला पहिल्या पंगतीला पाट मिळू लागला.

एवढंच असतं तर मी ते केव्हाच सांगून टाकलं असतं. हसलो असतो, तुम्हीही हसला असता. — पण भागीवहिनी होती.

भागीवहिनी म्हणजे माझ्या मेव्हण्याची, महादूची बायको. आम्ही एकाच घरात. तिच्याइतका मोठा भारा गावात कुणी बाई उचलत नसे, यात मात्र मी काही वाढवत नाही. तिची मान वर्षानुवर्षं दुखायची, अधूनमधून हाताला मुंग्याही यायच्या. निरगुडीचा शेक झाला, गरम विटेचा झाला, एका भगताने डागही दिला. शेवटी माझा पाय. ती अंगणात खाली बसायची, पदर सावरून मान पुढे करायची, मी टाच फिरवायचो. मग उठून ती माझ्याच पाया पडायची. वयाने मोठी बाई. मी पडू द्यायचो.

आणि मग माझी स्वतःची मान धरली.

आता पायाळूने स्वतःच्या मानेवर पाय कसा ठेवावा? हे सबळ कारण होतं. कुणालाही पटलं असतं. पण मला भलतीच लाज वाटली. चुलत्याकडे शहापूरला जातो म्हणून निघालो आणि कल्याणला गेलो, डॉक्टरकडे. त्याने मानेला पट्टा बांधला, दोरी कप्पीवरून घेतली, पलीकडे वजन टांगलं. मला वाटलं, हा फाशीची तालीम घेतो आहे. रोज तेच, मग शेक, मग मान हळूहळू कशी वळवायची ते शिकवणं. डोक्यावर ओझं बंद म्हणाला. दुखणं उतरलं. खरोखर उतरलं.

हाताला मुंग्या येतात का, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, बरं आहे; येत असत्या तर एक दिवस घालवून चाललं नसतं, हात जातो. — तेव्हा मला कोण आठवलं असेल? त्याने गावाचं नाव विचारून लिहून घेतलं होतं.

परत आलो तर भागीवहिनी ओट्यावरच. म्हणाली, "भावजी, तुमी नव्हता तवा हाताला लय मुंग्या आल्या. लोटा धरवत नाय."

महादू म्हणाला, "कल्याणला नेऊ का हिला? तुमी सांगा."

मी सांगणार, म्हणून तो थांबला होता. मला एवढंच दिसत होतं, की डॉक्टर गावाचं नाव ऐकेल आणि म्हणेल, तुमच्याकडचे एक जण येऊन गेले की मानेसाठी. तेवढंच. मी हसून म्हणालो, "पायाळू घरात असताना डॉक्टर कशाला रे? वाट वाकडी करून मान सरळ होते काय?"

सगळे हसले. वहिनीही हसली. आणि खाली बसली, पदर सावरला.

पट्टा नाही, तर निदान भारा उचलू नको — एवढं तरी सांगता आलं असतं. त्याला डॉक्टरचं नाव कुठे लागत होतं? तेही सांगितलं नाही. भारे चालू राहिले, माझी टाचही चालू राहिली. पुढच्या गवताच्या हंगामापर्यंत तिच्या उजव्या हाताची बोटं वळायची थांबली.

ती डाव्या हाताने जेवायला शिकली. पण डाव्या हाताने पंगतीत कोण बसू देणार? कुणी उठवण्याआधीच तिने पंगतीला बसणं सोडलं. तिच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला होतो. हात धुवायला मागल्या दारी गेलो, तर ती चुलाणापाशी भिंतीकडे तोंड करून पत्रावळीवरचा भात डाव्या हाताने खात होती. माझी चाहूल लागली तशी पदराखाली पत्रावळ घेतली. म्हणाली, "तुमच्या पायाला दोष नाय भावजी. माझंच नशीब."

मी हात धुतले आणि पुढच्या दारी, मांडवात परत आलो. तिथे कुणीतरी आसनगावच्या स्टेशनमास्तराची गोष्ट सांगा म्हणाला. मी सांगितली.