पाळण्याच्या टोकावरचे वीस आकडे

जत्रेच्या कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या आईला फसवलं. पाळणेवाल्यानं नाही. मी स्वतः पहिल्या दिवशी पाळणेवाल्यालाच शिव्या घातल्या, म्हणून हे आधी लिहून टाकते.

आमच्या गावचं देऊळ सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि त्यामागे धामापूरकडचे डोंगर. मार्गशीर्षात जत्रा भरते. खाज्याची दुकानं, बांगड्यांची दुकानं, आणि मैदानाच्या टोकाला पाळणा. तो पाळणा घाटावरून यायचा. लाकडाचा होता, बसायला आठ डबे, आणि फिरवायला चार माणसं. ती माणसं पाळण्याच्या दांड्यांवर चढून अंगाच्या भारानं तो ओढायची.

आई डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची. मी तेरा वर्षांची असल्यापासून तिच्या मागे जायचे. पुढे मी लिलावात उतरले, बर्फाचा टेम्पो घेतला, सड्यावर देवळाला लागून जागा घेतली. आज लिलावात माझ्या बोलीवर बोली चढवताना माणूस आधी माझं तोंड बघतो. पण हे सगळं सुरू झालं आईच्या टोपलीपासून. चाळीस वर्षं ती किनाऱ्यावरून आत, धामापूरच्या वाटेला, वाडीवाडीनं चालली. डोक्यावर ओझं असलं की मान हलवता येत नाही. वर बघता येत नाही, बाजूला बघता येत नाही. समोरची दहा पावलं तेवढी दिसतात. एवढी वर्षं ज्या वाटेनं गेली ती वाट तिनं बघितली नव्हती.

ती तिनं पाळण्यातून बघितली. टोकावर गेलं की सगळं दिसायचं. खाडीचं वळण, पलीकडे वालावलच्या बाजूची झाडी, मधली पांदण, चढ, वाड्यांची कौलं. आई बोट दाखवायची. "ती बघ, थयसर माका कुत्रो चावलो. त्या फणसाखाली बसान मी पेज जेवी. त्या घरातली म्हातारी रोज एक बांगडो फुकट घेय." घरी ती फार बोलत नसे. पाळण्यात बोलायची.

वर थांबायला मिळावं म्हणून आई आणि तिच्यासोबत मासे विकणाऱ्या बायकांनी एक युक्ती काढली होती. आठ डब्यांपैकी एक टोकावर असतो तेव्हा त्याच्या बरोबर समोरचा खाली जमिनीला असतो. खालच्या डब्यातलं माणूस उतरायला वेळ लावेल तेवढा वेळ वरचं माणूस वर राहतं. म्हणून आईची एक जाडजूड मैत्रीण, तीही मासे विकणारी, मुद्दाम समोरच्या डब्यात बसायची. खाली आली की तिचा पदर अडकायचा. मग चप्पल सापडायची नाही. मग गुडघा धरायचा. पाळणेवाला हात जोडायचा, "मावशी, उतरा हो आता." ती म्हणायची, "उतरतंय रे बाबा, पाय माजो, तुजो न्हय." वरून आई ओरडायची, "झाला गो, उतर!" तेव्हाच ती उतरायची. मग जागा बदलून दुसरी फेरी, आता मैत्रीण वर आणि आई खाली वेळ काढणार. सात जणींचा हा दरवर्षीचा बेत. जत्रेत दुपारी तीन-चारला, गर्दी व्हायच्या आत.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास बातमी आली की पाळणा नवा करताहेत. बाजारात मासे कमी आणि या विषयावर बोलणं जास्त, असे आठ दिवस गेले.

"लाकडाचो पाळणो ग्येलो," एक म्हणाली. "आता लोखंडाचो, इंजिनावरचो. सोळा डबे."

"बरा झाला," दुसरी म्हणाली. "जुनो करकर वाजी. दरवर्सा माका वाटा, आता मोडतलो."

"तुका घेवन मोडलो नाय तो कोणाक घेवन मोडतलो?" आईची मैत्रीण म्हणाली.

"माका घेवन? आणि तू काय गो, कापूस?"

"मी कापूस नाय, पण माजा वजन कामाचा. माज्या वजनार तुमी सगळ्यो वर बसतास."

"इंजिनाक तुजो गुडघो कळात काय पण?"

सगळ्या हसल्या. रंगावर भांडण झालं, डब्याला छप्पर हवं की नको यावर झालं. छप्पर असलं तर ऊन लागणार नाही, पण दिसणार काय? आई सुरमई कापत होती. मान वर न करता तिनं एवढंच विचारलं, "वर थांबतलो काय? ता इचारा कोणीतरी."

विचारायचं काम माझं, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

नवरात्रात पाळणेवाला टेप घेऊन माप घ्यायला आला. सोबत कमिटीचे अध्यक्ष होते. निवृत्त मुख्याध्यापक, गावात सगळे त्यांना सर म्हणतात. नवा पाळणा मोठा. त्याचा एक पाय आणि इंजिन देवळाच्या मैदानात मावेना. ते माझ्या जागेत येत होतं.

"ताई, जागेचं भाडं काय घ्याल?" पाळणेवाल्यानं विचारलं.

"भाडं नको."

सरांचा चेहरा खुलला. म्हणाले, "देवाचं काम आहे, तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं."

"माझं पुरं ऐका," मी म्हटलं. "दुपारी आमच्या बायका बसतील तेव्हा प्रत्येक डबा वर थांबला पाहिजे. पन्नास आकडे मोजेपर्यंत."

पाळणेवाला हसायला लागला. मी हसत नाही हे बघून थांबला. "ताई, पन्नास म्हणजे फारच. पाच करा."

"पाचात माझ्या आईची मान पण वळत नाही."

"दोन फेऱ्या जास्त देतो फुकट."

"फेऱ्या तुझ्या तुला ठेव. मला थांबणं पाहिजे. चाळीस."

"इंजिन गरम होतं हो. दहा."

"मग गरम न होणाऱ्या जागेत ने ते. माझी जागा थंड आहे, पण ती माझी आहे."

अर्धा तास आम्ही उन्हात उभं राहून घासाघीस केली. त्याचा उजवा खांदा वर उचलत नव्हता, हे मला बोलता बोलता दिसलं. वीस वर्षं पाळणा ओढून तो निकामी झाला होता. त्याच्या चार माणसांतली दोघं काम सोडून गेली होती. इंजिन हौसेनं आलं नव्हतं. मग मी वीस आकड्यांवर आले. त्यानं सरांकडे बघितलं. सर त्याला जरा बाजूला घेऊन गेले, काहीतरी बोलले, आणि परत येऊन मला म्हणाले, "ठरलं. वीस आकडे. माझा शब्द."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं बोटांवर वीस मोजून बघितले, सावकाश. म्हणाली, "पुरे. वीसात धामापूरपर्यंत जावन येतंय मी."

जत्रेच्या दिवशी नवा पाळणा खरंच देखणा दिसत होता. निळे-पिवळे डबे, वर बल्बांच्या माळा. आईनं नवं नऊवारी नेसलं होतं. सातही जणी दुपारी तीनला हजर. मैत्रीण डब्याच्या दारातून आत शिरताना अडकली, दोघींनी ढकलून बसवली, आणि लोक हसले तसे तिनंही हसून घेतलं. इंजिन सुरू झालं. पाळणा फिरला आणि फिरतच राहिला. आईचा डबा वर गेला, खाली आला, परत वर गेला. मी खालून ओरडले, "थांबव!" पाळणेवाल्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो सगळा वेळ इंजिनाकडे बघत उभा होता.

आई उतरली तेव्हा तिनं माझा दंड धरला. तिला गरगरत होतं. मी विचारलं, "काय दिसलं?"

"काय दिसला नाय गो. सगळा फिरता."

मी पाळणेवाल्याची कॉलर धरली. लोक जमले. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं फक्त बोट दाखवलं. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती, छान अक्षरात रंगवलेली: "पाळणा मध्ये थांबवला जाणार नाही. हुकुमावरून, जत्रा कमिटी."

मी तशीच सरांकडे गेले. ते मांडवात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "अगं, गर्दी बघतेस ना? मुंबईची माणसं आली आहेत, पोरं रांगेत उभी आहेत. गेल्या वर्षी रांगेत मारामारी झाली. तुमच्या वीस आकड्यांसाठी दोनशे माणसं खोळंबायची का?"

हे खोटं नव्हतं. नव्या पाळण्यासाठी दुपारपासूनच लांब रांग लागली होती. मी मांडवातून बाहेर पडले.

पण पाटी माझ्या डोळ्यांसमोरून हटेना. घाईत रंगवलेली पाटी मला कळते. बाजारात मी स्वतः खडूनं लिहून लावते. ही पाटी तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळणेवाल्याकडे गेले. तो पाळण्याखाली चहा पीत बसला होता. मला बघून उठला.

"पाटी कधी रंगवलीस?"

"गणपतीच्या आधी, ताई. पाळणा कारखान्यात होता तेव्हाच. मजकूर सरांनी पाठवला होता."

गणपतीच्या आधी. आणि माझ्या जागेत उभं राहून मला शब्द दिला तो नवरात्रात.

"मग तू हो कशाला म्हणालास?"

"मी सरांना बाजूला विचारलं, पाटीचं काय करायचं? ते म्हणाले, ते मी बघतो, तू हो म्हण. ताई, पुढच्या वर्षी जागा मिळणं न मिळणं कमिटीच्या हातात आहे. घरी सहा माणसं आहेत." मग तो खाली मान घालून म्हणाला, "आत्ता कोणी नाही. आईंना घेऊन या. इंजिन चालू करतो. पन्नास आकडे थांबवतो, हवं तर शंभर."

त्याच्यावरचा माझा राग तिथंच संपला. मी घरी धावत गेले. आईला म्हटलं, "चल, आत्ताच चल, रिकामा आहे."

आई चुलीपुढून उठली नाही. "आमी काय चोरी केली?" ती म्हणाली. "कोण नाय तेव्हा गुपचूप चडान बघूचा? जत्रेत सगळ्यांदेखत बसतलंय, सगळ्यांदेखत बघतलंय. नायतर नको."

"अगो, पण तुका दिसतला तरी!"

"बाकीच्यांका सोडून एकटी वर जावन काय करू? आमी सात जणी."

नंतरच्या वर्षी मी जागा द्यायची नाही असं ठरवलं. इंजिन कुठं ठेवतात बघतेच, म्हटलं. आईनंच अडवलं. "पोरांचो काय दोष? पाळणो बरो आसा. पोरांका आवाडता. जागा काढू नको." म्हणून मी जागा देत आले, दरवर्षी, एक पैसा न घेता. पाळणेवाला दरवर्षी मला नमस्कार करतो आणि मी त्याला चहा देते. आई पाळण्याकडे जात नाही. जत्रेच्या दुपारी ती घरात सुकी मासळी निवडत बसते. मैत्रीण येते, दोघी तंबाखू खातात, पाळण्याचा विषय काढत नाहीत. आता आईचे गुडघे गेले. थांबणारा पाळणा उद्या आला तरी तिला चढवणं कठीण आहे.

एकदा मी सरांना रस्त्यात गाठून पाटीचं विचारलं. ते म्हणाले, "त्या वेळी तू तावात होतीस, म्हटलं नंतर समजावू." त्यानंतर समजावायला ते कधी आले नाहीत.

सर, गर्दीचं तुमचं म्हणणं मला पटलं होतं. तेच तुम्ही नवरात्रात माझ्या जागेत उभं राहून सांगितलं असतं तर मी भांडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, आणि कदाचित दहा आकड्यांवर आले असते. तुम्ही ते बोलला नाहीत, कारण तुम्हाला जागा हवी होती आणि एका मासे विकणाऱ्या म्हातारीला शब्द दिला काय आणि मोडला काय, कोण विचारणार असं तुम्हाला वाटलं. मी विचारते आहे. जत्रेच्या सकाळी साऱ्या गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं तुम्ही घालता. यंदा त्याच्या आधी आमच्या घरी या. माझी आई आणि तिच्यासोबतच्या ज्या उरल्या आहेत त्या ओटीवर बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, पाटी रंगवून झालेली असताना तुम्ही हो का म्हणालात? उत्तर मला नको. तिला द्या, तिच्या तोंडाकडे बघून.