बोळे घालून घेतलेला अ‍ॅम्प

इलेक्ट्रिक गिटारला अ‍ॅम्प्लिफायर कुठला घ्यावा, असं बारामतीत मी ज्याला ज्याला विचारलं, त्यानं आधी उलट मलाच विचारलं, "किती वॅटचा पायजे?" जणू मी बोअरला मोटर बघायला निघाले होते. पाठोपाठ पुढचे प्रश्न यायचे. कार्यक्रम कुठं, हॉल का मैदान, पब्लिक किती?

"पब्लिक एक," मी सांगायचे. "बावड्याला, अंगणात, खाटेवर बसून ऐकणार आहे."

मग समोरचा माणूस माझ्याकडं नीट निरखून बघायचा आणि विषय बदलायचा.

ते एक पब्लिक म्हणजे आबा, माझे वडील. त्यांनी उभी हयात बँजो पार्टीत काढली. गाडीवर बसून बँजो वाजवायचे आणि डोक्याच्या मागं हातभर अंतरावर कर्णे बांधलेले असायचे. पिंपळीपासून भिगवणपर्यंत कुणाचं लग्न त्यांनी वाजवलं नसेल असं घर सापडणं अवघड. बँजोची वायर मशीनला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, मशीनची कर्ण्याला, अशी सगळी जोडणी मी लहानपणापासून बघत आले. वायर लावल्याशिवाय वाद्य वाजतं, यावर आमच्या घरात कुणाचा फारसा विश्वास नव्हता. त्यामुळं चाळिशीला टेकल्यावर मी गिटार शिकायला घेतली तेव्हा ती इलेक्ट्रिकच घेतली. "या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी या वयात उत्तरं देत नाही.

कर्ण्यांनी आबांचे कान खाल्ले. पण सगळे नाही खाल्ले, आणि तिथंच खरी गोम आहे. त्यांना ट्रॅक्टर ऐकू येतो, म्हैस ऐकू येते, माझ्या धाकट्या भावाचं बोलणंही बरंचसं कळतं. कुकरची शिट्टी, फोनची रिंग आणि मी मात्र ऐकू येत नाही. "आवाज येतोय गं, पर बोल कळंनात," असं ते म्हणायचे. मी बारामतीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. तिथल्याच डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. त्यांनी आलेखावरची रेघ दाखवली. जाड आवाजाच्या बाजूला ती बरी होती, मधे जरा खाली आली होती आणि बारीक आवाजाकडं जाताना घाट उतरल्यासारखी घसरली होती. बाईमाणसाचं बोलणं बरंचसं त्या उतारावरच असतं, असं डॉक्टर म्हणाले. कानातलं मशीन आणलं, पण आबांनी ते दुसऱ्याच दिवशी काढून देवळीत ठेवलं. कानात झुरळ शिरल्यागत होतंय म्हणाले.

मी दर रविवारी गावी, बावड्याला जाते. आबांशेजारी बसून आठवड्याचं सगळं सांगते आणि ते "हं, हं" करतात. एकदा मी मुद्दामच म्हटलं, "आबा, घराला आग लागलीय." ते म्हणाले, "हं. चांगलं झालं." भाऊ खो खो हसला. मला हसू आलं नाही, मला रडू आलं. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र रडू गेलं आणि राग आला. माझा आवाज पोचत नाही ना, नसू दे. गिटारचा पोचवीन. आणि नुसता आवाज नाही, मी काय वाजवते ते त्यांना कळलं पाहिजे.

काय वाजवायचं ते ठरलेलंच होतं. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं नेतात. त्याला परण्या म्हणतात. घोडं देवळापाशी पोचलं की वाजवायला आबांनी स्वतः एक चाल बांधली होती. दुसऱ्या कुठल्याही पार्टीकडं ती नव्हती. ते घरी रियाज करायचे तेव्हा ऐकून ऐकून ती माझ्या बोटांत बसली होती. गिटारवर मी पहिली काढली ती तीच.

माझा भाऊ साउंड सिस्टिम भाड्यानं देतो. ज्यानं बापाचे कान गेले त्याच्याच थोरल्या भावाचा धंदा करतोस, असं मी त्याला चिडवते. त्याला माझा बेत कळल्यावर तो म्हणाला, "ताई, अ‍ॅम्प कशाला इकत घेतीस? माझं दोन टॉप, दोन बेस लावतो. आबाच काय, नरसिंगपूरपातूर ऐकू जाईल." टॉप म्हणजे बारीक आवाज फेकणारा वरचा डबा आणि बेस म्हणजे छातीत धडधड करणारा खालचा. त्यानं डबे अंगणात उभे केले, मी गिटार जोडली आणि पहिलाच सूर छेडला. म्हशीनं दावं तोडलं. आबा दोन्ही कानांवर हात दाबून उठले आणि ओरडले, "आरं बंद करा! डोस्कं फुटंल माझं!"

सगळं शांत झाल्यावर मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "वळखलं का, काय वाजवलं?"

"आवाज आला की," आबा म्हणाले. "गाणं न्हाय आलं."

अधू कानाचं असंच असतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. लहान आवाज येत नाही आणि मोठा टोचतो. मधे राहते ती चिंचोळी पट्टी. म्हणजे मी ज्यांना ज्यांना विचारत फिरले ते सगळेच चुकीचं मोजत होते. प्रश्न आवाज किती हा नव्हता, कुठला हा होता.

आमच्या भागातल्या साउंडवाल्यांची एक खोड आहे. मशीन हातात आलं की टॉप आणि बेसची बटणं शेवटपर्यंत पिळायची आणि मिडचं, म्हणजे मधल्या आवाजाचं, शून्यावर ठेवायचं. मिड वाढवलं की आवाज भोंग्यासारखा येतो म्हणतात. या लोकांत भोंगा ही शिवी आहे. माझा भाऊ तर मिडच्या बटणाकडं सावत्र पोरासारखं बघतो. आणि आबांच्या कानात सूर कळण्याजोगं जे काही शिल्लक होतं ते नेमकं मधलं होतं.

आबांना दुकानात न्यायचा प्रयत्न केला. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणून ते जागचे हलले नाहीत. मग मी त्यांचे कान घेऊन जायचं ठरवलं. कापसाचे दोन घट्ट बोळे केले, कानात ठासले आणि वरून जाड कानटोपी घातली. कुकरची शिट्टी आठ घरं पलीकडून आल्यासारखी लागली. शेजारीण दारात येऊन काहीतरी म्हणाली, तर तिचा आवाज आला पण बोल कळले नाहीत. मी नुसतीच "हं, हं" केलं, आणि केल्यावर तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. आबांना रोज दिवसभर असं होत होतं.

बारामतीत वाद्यांच्या दुकानात मी भर एप्रिलमध्ये कानटोपी घालून गेले. ढोलक्या आणि हार्मोनियमच्या मागून दुकानदार बाहेर आला. माझी गिटार बघितली, मग टोपी बघितली. त्याचा आवाज जाड होता, म्हणून बोळ्यांतूनही बोल कळले.

"ताई, कान दुखतोय का?"

"नाही. अ‍ॅम्प घ्यायचाय," मी म्हटलं. बोळ्यांमुळं मी ओरडत होते हे मला कळलं नाही. रस्त्यावरचे दोघं आत डोकावले.

"मग टोपी काढा की. ऐकू कसं येणार?"

"ऐकू येत नाही म्हणूनच तर आलेय."

त्यानं कपाळाला हात लावला, पण वायर जोडून दिली. पहिला अ‍ॅम्प जेवणाच्या डब्याएवढा होता. त्यातून आलेलं बोळ्यांच्या आत पोचेपर्यंत डास झालं होतं. दुसरा त्याचा लाडका दिसत होता. पुढून मागून दिवे लागायचे, बटण फिरवलं की देवळात वाजवल्यासारखं घुमायचं, फाटायचं, थरथरायचं. माझ्यापर्यंत त्यातलं निव्वळ धपधप आलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "हा सगळेच नेतात." मी म्हटलं, "नेऊ देत."

तिसरा कोपऱ्यात धूळ खात पडला होता. साधी लाकडी पेटी, ना दिवे ना घुमणं. आवाजाचं एक बटण आणि बेस, मिड, टॉप अशी तीन. मी बेस निम्म्याहून खाली आणला, टॉप जवळजवळ बंद केला आणि ते सावत्र पोर शेवटपर्यंत पिळलं. चालीची पहिली ओळ वाजवली. बोळ्यांच्या आत प्रत्येक सूर सुटा सुटा आला, दाण्यासारखा. मी दुसरी ओळ वाजवली, परत पहिली वाजवली. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "ताई, असा आवाज कुणी ठेवत न्हाय. पार भोंगा झाला की त्याचा."

"मला भोंगाच पाहिजे," मी म्हटलं. बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आबांच्या डोक्यामागचे कर्णे म्हणजे जन्मभर भोंगेच तर होते. त्यांनी स्वतःचं वाजवणं कधी दुसऱ्या आवाजात ऐकलंच नव्हतं.

ती पेटी मांडीवर घेऊन मी एसटीनं इंदापूरला आणि तिथून बावड्याला गेले. वाटेत तिघांनी शिलाई मशीन आहे का विचारलं. तिसऱ्याला मी हो म्हटलं.

ऊन उतरल्यावर अंगणात घमेलं पालथं घालून त्यावर अ‍ॅम्प ठेवला. आबा खाटेवर बसले होते. मागच्या वेळची आठवण असल्यामुळं त्यांचे हात आधीच कानांजवळ गेले होते. भावाचा हात सवयीनं बटणांकडं गेला.

"हात लावलास तर बघ," मी म्हटलं.

"आगं, पर मिड पार फुल हाय!"

"हाय तर हाय."

आवाज मी बोलण्याएवढाच ठेवला आणि वाजवायला लागले. पहिली ओळ झाली. आबा रस्त्याकडं बघत होते. दुसरी ओळ निम्म्यावर आली तशी त्यांनी मान वळवली आणि कानांजवळचे हात खाली घेतले. मी तिसऱ्या ओळीत शिरले.

"ए, थांब!" आबा ओरडले.

मी तारा दाबून धरल्या. परत टोचलं असणार, असं वाटलं.

"हितं थांबायचं असतंय," आबा रागानं म्हणाले. "दुसरी ओळ झाली की थांबायचं. नवरदेव घोड्यावनं उतरतोय न्हवं? येवढ्या घाईत पाडशील की त्याला!"

मला हे ठाऊकच नव्हतं. घरी रियाज करताना आबा तिथं कधीच थांबत नसत, कारण घरी घोडं नव्हतं. भाऊ माझ्याकडं बघत होता आणि मी गिटारकडं, कारण डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी एखादी चूक आबांना ऐकू आली होती.

मी पहिल्यापासून सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि थांबले. आबांनी हात वर करून मला तसंच थोपवून धरलं आणि समोरच्या मोकळ्या अंगणाकडं नीट बघत राहिले.

"हां, उतरला," ते म्हणाले. "वाजीव आता."