दोनशे ग्रॅम आणि एक शिंक

कॉफी भाजणाऱ्या काकूंना कमी ऐकू यायला लागून चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्यांनी कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता. दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे खपूनही गेलं असतं. पण कॉफीचे दाणे भट्टीत तापले की एका क्षणी तडतड फुटतात, आणि तिथून सेकंद मोजून ते बाहेर काढायचे असतात. बावीस वर्षं काकूंनी त्या तडतडीवर पोट भरलं. आता तीच ऐकू येईना, तर बाईनं करायचं काय?

काकूंनी युक्ती काढली. शेजारच्या टेबलावर त्यांच्या बहिणीची मुलगी दाणे निवडत बसे. तडतड सुरू झाली की पोरगी सवयीनं मान वर करी. काकू भट्टी सोडून त्या मानेवर नजर ठेवत आणि मोजायला लागत. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मग तो डबा आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरावरची कॉफी, वर्षाला जेमतेम दहा पोती पिकणारी. नमुन्याचे कच्चे दाणे दोनशे ग्रॅम, एकाच भाजणीपुरते.

"नमुना पुन्हा मिळायचा नाही हं, काकू," मालक म्हणाले.

ओळखीच्या दाण्यांना घड्याळ तरी साथ देतं. या परक्याचा स्वभाव कुणाला ठाऊक? जीव मुठीत धरून काकूंनी दाणे भट्टीत सोडले आणि डोळे भाचीवर रोखले. आठव्या मिनिटाला तिची मान वर झाली. काकू मोजू लागल्या. दहापर्यंत पोचतात तोच पोरगी सणसणीत शिंकली.

मान तडतडीसाठी वर झाली, की शिंकेसाठी? विचारायचीही सोय नव्हती, विचारलं की भट्टी गेलीच हातातून. शेवटी नेहमीसारखं नव्वद मोजून त्यांनी दाणे थाळीत ओतले. रंग फिकट दिसत होता. बिघडलंच, त्यांना वाटलं.

भाजलेली कॉफी चाखण्याआधी रात्रभर ठेवतात, म्हणजे घाबरायला निवांत वेळ मिळाला. घरी घास उतरेना. "काय झालंय?" असं नवऱ्यानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं होतं, हेही त्यानंच सांगितलं.

सकाळी टेबलावर पाच वाट्या मांडल्या. कॉफी एकच, पण वाट्या पाच, कारण एखादा नासका दाणा एकाच वाटीत लपून बसलेला असतो. वर जमलेला चोथ्याचा थर चमच्यानं मोडून मालकांनी एक घोट ओढला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांवरून काय कळणार? शेजारी भाची वाकून वाट्या बघत होती. काकूंनी चमचा तोंडाला लावला.

आधी मोगऱ्याचा वास आला. मग संत्र्याच्या सालीचा झटका, आणि मागून पिकल्या जर्दाळूची गोडी, जी जिभेवरून हलेचना. बावीस वर्षांत त्यांनी असलं काही चाखलं नव्हतं. काकू सगळी भीती विसरून चक्क हसल्या. वाटी निवत गेली तशी कॉफी आणखी गोड लागायला लागली.

"सगळी पोती घेऊ," मालक म्हणाले. "आणि भाजायची काकूंनीच. अगदी अश्शीच."

म्हणजे पुन्हा शिंक हवी. गप्प बसणं सोपं होतं. पण ती चव अजून तोंडात होती, आणि असली कॉफी पुढच्या खेपेला आपल्या हातून वाया जाईल हे त्यांना सोसवेना.

"मला तडतड ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "चार महिने झाले. काल हिची मान बघून मोजलं, आणि हिला आली होती शिंक."

भाचीनं तोंडावर हात धरला. "तडतड नंतर झाली, मावशी. चांगलं अर्धं मिनिट नंतर. म्हणजे दाणे लवकर निघाले."

मालक चमचा ठेवून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. एरवी अशा वेळी काकू नुसतं हो हो करायच्या.

"मोठ्यानं सांगा, मालक. कामावरून काढायचं असलं तरी मोठ्यानं सांगा."

मालकांनी आवाज चढवला. "पोरीला भाजायला शिकवा म्हटलं. ती शिकेपर्यंत तिच्या कानांनी भाजा, पण चोरून नको."

काकूंनी मान हलवली. त्यातलं 'शिकेपर्यंत' त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.