बहिणीच्या चित्रांवर मुलींच्या पेन्सिली

माझी धाकटी बहीण गेली त्याला लवकरच दोन वर्षे होतील. वर्षभर तिच्या अंगावरून रक्त जात होते आणि तिने ते कोणालाच सांगितले नाही. मलाही नाही. मी शिक्षिका, घरात पुस्तकांची दोन कपाटे, आणि आम्ही दोघी एकाच खोलीत झोपत होतो. विचारले की ती म्हणायची, "थकवा हाय, दुसरं काही नाई." नागपूरच्या डॉक्टरांनी जेव्हा विचारले की इतके दिवस का थांबलात, तेव्हा ती माझ्याकडे पाहून ओशाळून हसली. ते हसू अजून माझ्यासमोरून हलत नाही.

आमचे घर पवनीचे, विणकरांचे. लुगड्याच्या किनारीचे नक्षे ती चौकटीच्या कागदावर काढायची आणि वडील ते मागावर उतरवायचे. शेवटच्या चार महिन्यांत तिला उठवत नव्हते, पण हात चालत होता. एक दिवस म्हणाली, "तू गोष्ट लिही, चित्रं माह्याकडे. पोरींसाठी लिही. पाळीची."

मी लिहिली. बारा वर्षांच्या एका मुलीला शाळेत पहिली पाळी येते. घरी तिला मागच्या दाराजवळ चार दिवस गोणपाटावर बसवतात आणि तिथे बसल्या बसल्या ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला प्रश्न विचारते. सोळा पाने झाली. बहिणीने सोळावे चित्र पुरे केले. पाने एकत्र शिवलेली मात्र तिने पाहिली नाहीत.

माझी शाळा आसगावच्या बाजूच्या एका खेड्यात आहे, आठवीपर्यंतची. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. अड्याळच्या बाजारातून मी पुस्तकाच्या तीस झेरॉक्स काढून आणल्या आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला सहावी ते आठवीच्या मुलींना ग्रंथालयाच्या खोलीत बसवून गोष्ट वाचून दाखवली. वाचून झाल्यावर विचारले, "काही विचारायचं आहे?" सगळ्यांनी एका सुरात "नाई मॅडम" म्हटले आणि फरशीकडे पाहिले. पुढच्या शनिवारीही तेच झाले.

माझे लक्ष त्या सगळ्यांत एकीवर होते. ती सातवीतली, खिडकीजवळ बसायची. प्रार्थनेला उभी राहिली की दोन मिनिटांत खाली बसायची. महिन्यातले निम्मे दिवस गैरहजर, आणि चिठ्ठीत नेहमी एकच कारण, पोट दुखते. तिच्या नखांचा, ओठांचा तो पांढुरका रंग मी याआधी आमच्या खोलीत पाहिलेला होता. मी तिला दोनदा बाजूला घेऊन विचारले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "काही नाई मॅडम. थकवा वाटते."

त्यानंतर दुपारचा डबा मला गोड लागेना. एकदा मी 'थकवा' ऐकून गप्प बसले होते. आताही ही मुलगी बोलली नाही तर काय होईल, हे त्या शाळेत मला एकटीलाच ठाऊक होते.

तिसऱ्या शनिवारी पाचव्या पानावर आठवीतली एक बडबडी मुलगी फिसकन हसली. त्या चित्रात गोष्टीतली मुलगी गोणपाटावर बसलेली आहे आणि दारातून रोवणीला, धानाची रोपे लावायला, जाणाऱ्या बाया दिसतात.

"हसायला काय झालं?" मी विचारले.

"मॅडम, रोवणीच्या दिवसांत असं कोण बसते?"

"म्हणजे?"

"माही माय चारही दिवस चिखलात राह्यते. ते बसली तं रोवणी कोण करन?"

तिच्या मागची म्हणाली, "रोवणी सरली का मंग बसवते. मंग देवाजवळ जाऊ नको, पापडाले हात लावू नको."

"आमच्या घरी कोणीच बसत नाई," तिसरी जरा ऐटीत म्हणाली. "आमची आजी म्हणते, आपण बुद्धाचे, कायचा विटाळ?"

"अन् लोनच्याची बरणी उघडू देते का तुही आजी?" बडबडीने विचारले.

तिची ऐट उतरली. "बरणी नाई उघडू देत."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून शरमले होते. ते गोणपाट आमच्या घरचे होते. विणकरांच्या घरात काम छपराखाली, माग चालवणारे पुरुष, म्हणून बाई चार दिवस कोपऱ्यात बसू शकत होती. बांधीत गुडघाभर चिखलात मी कधी उभीच राहिले नव्हते. आमच्या घरची रीत मी या मुलींच्या घरांवर नेऊन लादली होती, आणि बहिणीने माझ्यावर विश्वास ठेवून तसेच चित्र काढले होते.

पण दोन शनिवार मी विचारत होते तेव्हा एकीनेही तोंड उघडले नव्हते. मॅडमची चूक सापडल्याबरोबर वीस जणींना कंठ फुटला होता. मी कपाटातून पेन्सिली काढल्या.

"जिथं जिथं चुकलं असेल तिथं दुरुस्त करा," मी म्हटले.

हे म्हणणे मला सोपे गेले नाही. झेरॉक्सच असली तरी रेघ बहिणीच्या हातची होती. एकीने गोणपाट खोडून तिथे चिखल काढला आणि पोरीला त्यात उभे केले. दुसरीने चित्रातल्या अंगणात दोरीवर वाळणाऱ्या कापडांवर फुली मारली. "कापड असं उघडं नाई वाळवत मॅडम. परकराखाली झाकून टाकते. कोणाले दिसू नाई म्हणून." मूळ चित्रांची फाईल मांडीवर धरून मी खुर्चीत बसून राहिले.

शेवटच्या पानावर लिहिलेले होते, चार दिवसांनी ती उठली.

"माहे पाच."

"माहे तीनच."

"मंग बरोबर हाय ना बे. मॅडमनं सरासरी काढली," बडबडी म्हणाली.

खिडकीजवळच्या मुलीने 'चार' खोडून काहीतरी लिहिले होते आणि त्यावर हात ठेवला होता. शेजारणीने तो हात उचलला. "अठरा? अठरा कोणाचे राह्यते?"

तिने खोडरबर घेतले. मी जागची हलले नाही. खोडरबर कागदावर टेकले आणि थांबले. मग ती माझ्याकडे न बघता, शेजारणीला म्हणाली, "माहे राह्यते. दिवाळीपासून."

कोणी हसले नाही.

"मायले सांगतलं?" बडबडीने विचारले.

"सांगतलं. तं म्हणे, पोरीच्या जातीनं असं बोलू नाई."

"मंग आमी सांगतो. चाल."

शाळा सुटल्यावर पाच जणी तिला मध्ये घेऊन तिच्या घरी निघाल्या. मी मागून चालले होते. आई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. बडबडीने शेवटचे पान तिच्यासमोर धरले. "काकू, हे पाहा. पुस्तकात चार हाय. हिचे अठरा होऊन राह्यले."

आईने आधी पान पाहिले, मग मला. "मॅडम, काहून हे असं शिकवून राह्यल्या तुमी पोरींले?"

मी उत्तर द्यायच्या आत ती खिडकीजवळची मुलगीच बोलली. "मॅडमनं नाई शिकवलं माय. मॅडमचं तं चुकलं होतं."

मग मी त्या अंगणात माझ्या बहिणीबद्दल सांगितले. घराबाहेर कोणाजवळ ते मी पहिल्यांदाच बोलत होते. आईने सूप खाली ठेवले.

सोमवारी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारले, "किती दिवस जातं?" आईने पदर तोंडावर धरला.

"अठरा," मुलगी म्हणाली. "मधात दोन दिवस थांबते, मंग पुन्हा चालू. दिवसातून सात कापडं लागते. गाठी पडते."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणे थांबवून तिच्याकडे पाहिले. "इतकं नीट कोणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. रक्त फारच कमी होते. तिला भरती करून रक्त चढवावे लागले, गोळ्या सुरू झाल्या. वेळेत आणलीत, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन मी बराच वेळ एकटी उभी राहिले.

ती परत आली ती फेब्रुवारीत. मार्चमधल्या एका सकाळी परिपाठ नुकताच संपला होता, मुले रांगेने वर्गात चालली होती, आणि हेडमास्तर माझ्या शेजारी उभे राहून हजेरी बघत होते. मैदानाच्या पलीकडून तिने हाक मारली.

"मॅडम, या बारीले सहाच."

हेडमास्तरांनी मान वर केली. "काय सहा गं?"

"दिवस, सर. पाळीचे."

रांगेतली मुले वळून पाहू लागली. सरांनी चष्मा सारखा केला. "बरं. चांगलं आहे," ते म्हणाले आणि हजेरीचे पुढचे पान उलटले.