बोरवंडचे तीन भोंगे

सत्यशीला कीर्तनाला उभी राहिली की बोरवंडच्या बायका हातातलं काम तसंच टाकून मारुतीच्या देवळाकडे निघायच्या. ती मूळची पाथर्डीकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जात, त्यामुळे तिचं लहानपण कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत गेलं. बाप अजिनाथ दिवसभर कोयता चालवायचा आणि सांजेला टोळीला अभंग म्हणून दाखवायचा. ती ऐकून ऐकूनच गायला शिकली. पुढं श्रीरामपूरजवळच्या बोरवंडच्या अंगदशी लग्न झालं. अंगद टेम्पो चालवायचा आणि पखवाज वाजवायचा, म्हणून बायकोचा गळा त्यानं पहिल्या आठवड्यातच ओळखला.

बाई नारदाच्या गादीवर उभी राहणार म्हटल्यावर गावात कुरबूर झालीच. तेव्हा देवस्थानचे अध्यक्ष आसारामतात्या पारावर उठून म्हणाले होते, "बाई असली म्हनून काय झालं? गळा देवाचा हाय." त्या एका शब्दानं तिची वाट मोकळी झाली. ती तात्यांच्या पाया पडल्याशिवाय कीर्तनाला उभी राहत नसे.

करोनाची दुसरी लाट आली त्या चैत्रात गावातली शाळा कोविड सेंटर झाली. श्रीरामपुरात खाट मिळेना, सिलेंडर मिळेना. मग देवळानं, चर्चनं आणि मशिदीनं मिळून वर्गणी केली आणि हवेतून ऑक्सिजन काढणारी मशिनं आणली. पेंटरनं प्रत्येक मशिनवर लाल रंगात 'बोरवंड' असं ठसठशीत लिहिलं. सेंटरचा कारभार अर्थातच तात्यांकडे आला.

त्याच दिवसांत अजिनाथच्या टोळीतली बनुबाई पट्टा पडून ऊसतोड संपल्यावर गावाकडे निघाली होती. वाटेतच तिला धाप लागली. सत्यशीला तिला मावशी म्हणायची. याच बाईनं तिला कोपीत अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अंगदनं टेम्पो काढला. शाळेत नेलं तर सिस्टर खाली मान घालून म्हणाली, "मशिनं दुरुस्तीला गेलीत, ताई. श्रीरामपूरला न्या."

श्रीरामपुरात तात्यांच्या साडूचा खासगी दवाखाना होता. तिथं जागा होती, पण दारावरचा माणूस आधी पैसे भरा म्हणाला. अंगद फोनवर फोन लावू लागला. सत्यशीला काचेपाशी उभी राहून आत पाहत होती. कोपऱ्यातल्या खाटेपाशी एक मशिन चालू होतं. त्यावरची लाल अक्षरं कुणीतरी खरवडली होती, पण 'वंड' तेवढं राहिलं होतं. पलीकडच्या खाटांपाशीही तसलीच खरवडलेली मशिनं होती. ती धावत टेम्पोकडे आली. बनुबाई तिच्या मांडीवर, दवाखान्याच्या फाटकातच गेली.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः घरी आले. ओट्यावर अंतर राखून बसले.

"ताई, हनुमान जयंतीचं कीर्तन करायचंय. देऊळ बंद हाय, पाच-सहा मानसांत करू. गाव भोंग्यावर ऐकंल. आन् सेंटरचं दोन शब्द चांगलं बोला. लोकांना धीर येतो."

"तात्या, मशिनं कुठं हायत?"

"दुरुस्तीला."

"मी बघितली."

तात्यांनी तोंडावरचा रुमाल सारखा केला. मग उठता उठता म्हणाले, "ताई, तुमी अभंगाचं बघा. मशिनचं मी बघतो."

त्या दुपारी सत्यशीला चर्चच्या आवारात गेली. पाळकबाबा सुधाकर चिंचेखाली उभे होते. तिनं निरोप धाडला होता, म्हणून इस्माईल मौलानाही आले होते. तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. 

"मी बोललो तर काय म्हनतील?" पाळकबाबा म्हणाले. "ख्रिस्ती लोक देवस्थानाला बदनाम करतात, असंच ना? मशिनं बाजूला ऱ्हातील, सगळं त्याच वादावर जाईल."

मौलाना हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "मागच्या साली हा आजार आमीच आनला म्हनत हुते, ताई. आता आमी तोंड उघडावं?"

सत्यशीलानं मान हलवली. "खरं हाय तुमचं. म्हनून आधी मी बोलते. देऊळ माझं, तात्या माझं. मला कुनी परकं म्हननार न्हाई. पन माझा भोंगा बंद पडला तर तुमचा चालू ऱ्हाऊ द्या."

हनुमान जयंतीला झुंजुमुंजूलाच ती उभी राहिली. समोर तात्या, पुजारी आणि दोन टाळकरी; मागं अंगद. त्या दिवशी प्रथमच ती तात्यांच्या पाया पडली नाही. तिनं लक्ष्मणाला मूर्च्छा आली ती कथा लावली. घराघरांत माणसं अंथरुणात बसून ऐकत होती.

"मारुतीराया औषधाला गेला," ती म्हणाली. "कोनती मुळी तेवढं ठाऊक न्हाई, म्हनून आख्खा डोंगर उचलून आनला. वाटंत त्याला किती गावं लागली असतील? किती पैसेवाले लागले असतील? पन त्यानं औषध वाटंत कुनाला इकलं न्हाई. ज्याच्यासाठी आनलं, त्याच्याच उशाशी ठेवलं. आपन आनलेली मशिनं कुनाच्या उशाशी हायत, बोरवंडकर? ती दुरुस्तीला न्हाई गेली. तात्यांच्या साडूच्या दवाखान्यात पैसेवाल्यांना लावलीत. माझी बनुमावशी त्या दवाखान्याच्या दारात मेली."

तात्या ताडकन उठले आणि त्यांनी माईकची वायर उपसली. भोंगा गप्प झाला. अंगदचा हात मात्र पखवाजावरून निघाला नाही. सत्यशीला तशीच, उघड्या गळ्यानं, पुढचं बोलत राहिली. तेवढ्यात वेशीकडून चर्चच्या भोंग्यावर पाळकबाबांचा आवाज आला: "बोरवंडच्या भावांनो, बहिनींनो, आता सत्यशीलाताई जे म्हनाल्या ते खरं हाय. ती मशिनं परत आली पाहिजेत." त्यांचं संपतं न संपतं तोच मशिदीवरून मौलाना बोलले, "रोज्याचा महिना हाय. आजाऱ्याच्या तोंडचा श्वास इकनाऱ्याला कोन्ताच देव माफ करनार न्हाई."

तात्या वायर हातात धरून उभे होते. तीन भोंगे बंद करायला त्यांच्याकडे हात नव्हते.

दिवस वर आला तेव्हा शाळेच्या फाटकापुढे माणसं जमली. तोंडाला रुमाल बांधून, एकमेकांपासून लांब लांब. कुणी ओरडलं नाही, दगड उचलला नाही. नुसती उभी राहिली, उन्हातही हलली नाहीत. दुपार टळायच्या आत दवाखान्याची गाडी मशिनं घेऊन आली. सिस्टरनं पहिलं मशिन लावलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

पुढं तहसीलचा माणूस चौकशीला येऊन गेला. निकाल काय लागला ते गावाला नीट कळलं नाही. पण तात्यांना देवस्थानचं अध्यक्षपद सोडावं लागलं. सत्यशीलालाही ते सोपं गेलं नाही. तात्यांचे पाहुणे आसपासच्या गावागावांत होते. वर्षभर तिला एकाही सप्त्याचं बोलावणं आलं नाही. "टेम्पो हाय ना आपला," अंगद म्हणायचा. तो कांदा भरून आणायचा आणि जिथं थांबेल तिथं कुणाला तरी ती सकाळ सांगायचा. सांगताना त्याचा ऊर भरून यायचा.

कुणी त्या सकाळचं कौतुक केलं की सत्यशीला बनुबाईचं नाव काढायची. मशिनं परत आली होती, पण मावशीसाठी उशीर झाला होता, हे तिनं कधी लपवलं नाही.

पुढच्या हनुमान जयंतीला नवी कमिटी तिच्या दारी आली. ती म्हणाली, "येते. पन पाळकबाबा आन् मौलाना पुढच्या सतरंजीवर बसनार असतील तर." कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांत थोरला म्हणाला, "बसतील की. तेवढं तर त्यांनी कमावलंय."

त्या पहाटे देऊळ माणसांनी गच्च भरलं होतं. पुढं पाळकबाबा मांडी घालून बसले होते. मौलाना रोज्याची सहेरी, म्हणजे पहाटेचं खाणं, उरकून, फजरची नमाज पढून थेट आले होते. मंडपाच्या कडेला अजिनाथ उभा होता. कोयता चालवून चालवून त्याची बोटं वाकडी झाली होती. शेजारच्यानं विचारलं, "बाबा, तुमी कोन?"

"मी तिचा बाप," अजिनाथ म्हणाला, आणि सत्यशीलानं टाळकऱ्यांना खूण केली.